नट सगळे निघाले, पण चाक निघेना: गंजून बसलेलं चाक सुरक्षितपणे कसं काढायचं?

गाडी पंक्चर झाली. तुम्ही ती कडेला घेतली, डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला, पाना फिरवून सगळे नट काढले. आता चाक दोन्ही हातांनी धरून ओढायचं, की झालं. पण चाक हलतच नाही. हिसका दिला, लाथ मारली, तरी चाक जिथल्या तिथे. जणू कुणीतरी वेल्डिंगच केलंय.

किनारपट्टीवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा, हा प्रकार त्याला नवीन नसतो. 'चाक धरलंय' किंवा 'चाक जाम झालंय' असं तो सांगेल आणि बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत ते काढूनही देईल. पण महामार्गावर रात्री तुम्ही एकटे असाल तर?

चाक निघत नाही, यात गाडीचं फारसं काही बिघडलेलं नसतं. खरा धोका त्यानंतरच्या काही मिनिटांत असतो. एका छोट्या जॅकवर उभ्या असलेल्या हजार किलोच्या गाडीला आपण वैतागून हिसके देतो, लाथा मारतो, कधी खाली वाकून आतून हातोडा मारायला जातो. जॅक घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणूनच चाक असं का चिकटतं, अशा वेळी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि ही वेळच येऊ नये म्हणून काय करता येईल, हे नीट समजून घेऊ.

चाक नेमकं कशाला चिकटतं?

आपल्याला वाटतं, चाक नटांनी धरलेलं असतं. नट काढले की चाक सुटायला हवं. पण नटांचं काम चाकाला मागच्या लोखंडी भागावर घट्ट दाबून धरण्याचं असतं. या भागाला हब म्हणतात. हब बेअरिंगवर फिरतो, चाक हबवर बसतं, आणि दोघांच्या मध्ये ब्रेकची डिस्क किंवा ड्रम असतो.

हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. चाकाच्या मध्यभागी असलेलं भोक बरोबर या उंचवट्यावर बसतं. चाक मधोमध राहावं आणि गाडी पळताना थरथरू नये, म्हणून या दोघांमधली फट मुद्दाम अगदी कमी ठेवलेली असते.

चाक चिकटण्याच्या जागा दोन. एक म्हणजे हा उंचवटा आणि चाकाचं मधलं भोक. दुसरी म्हणजे चाकाची मागची सपाट बाजू, जी डिस्कवर किंवा ड्रमवर टेकते. दोन्ही ठिकाणी पाणी शिरतं, पण वारा लागत नाही. त्यामुळे ओल बराच काळ टिकून राहते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नट न निघणं ही वेगळी अडचण आहे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट प्रमाणाबाहेर आवळले, की ते हातातल्या पान्याला दाद देत नाहीत. नट निघाले आणि तरीही चाक हललं नाही, तर मात्र दोष गंजाचा.

गंज इतका घट्ट का धरतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो, हे आपण शाळेत शिकलो. पण चाकाच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो कुठल्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून त्याचं आकारमान मूळ धातूच्या दोन ते सहा पटींपर्यंत जाऊ शकतं.

उघड्यावरचा गंज फुगून पापुद्र्यासारखा सुटून पडतो. हबच्या उंचवट्यावरच्या गंजाला मात्र सुटायला जागाच नसते. तो आतल्या आत फुगतो आणि त्या बारीक फटीत पाचर मारल्यासारखा बसतो. जुन्या इमारतींच्या स्लॅबमधली सळई गंजली की सिमेंटचे पोपडे पडतात, तेही याच कारणाने.

अलॉय व्हील असेल तर यात आणखी एक भानगड असते. अलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि हब लोखंडाचा किंवा पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारट पाणी असेल, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा तुलनेने वाचतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. बऱ्याच दिवसांनी काढलेल्या अलॉय व्हीलच्या मागे पांढरट भुकटी दिसते, ती हीच. हबचा तांबडा गंज आणि चाकाची पांढरी भुकटी मिळून मधली फट भरून टाकतात.

दोन धातूंच्या या भांडणाचं जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला बाहेरून तांब्याचा पत्रा होता आणि आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार. दोन्ही धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसचा थर घातला होता. काळाच्या ओघात तो खराब झाला. समुद्राची खारी हवा होतीच. लोखंड गंजून फुगलं आणि त्या दाबाने तांब्याच्या पत्र्याचे रिव्हेट उखडू लागले. शेवटी १९८० च्या दशकात मोठी दुरुस्ती करून आतल्या लोखंडी पट्ट्या काढाव्या लागल्या आणि त्या जागी मुख्यतः स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. तुमच्या गाडीच्या चाकात होतं ते याच जातीचं, फक्त लहान प्रमाणात.

आपल्याकडे हे जास्त का होतं?

पहिलं कारण अर्थातच हवामान. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी जवळजवळ सतत ओली असते आणि उरलेले आठ महिने हवेत समुद्राचं मीठ असतं. मीठ मिसळलेलं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेगाने होते. त्यात कुणी हौसेने गाडी पुळणीवर नेली असेल, तर खारं पाणी आणि वाळू थेट हबपर्यंत पोहोचते.

दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही: आता चाक निघतंच कमी. ट्यूबवाले टायर होते तेव्हा दर पंक्चरला चाक काढावंच लागायचं. आता ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरवाला खिळा उपसतो, चिकट पट्टी आत सारतो आणि हवा भरून पाच मिनिटांत तुम्हाला मोकळं करतो. चाक गाडीलाच राहतं. त्यात २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर गाडीत स्टेपनी असण्याची सक्ती उरली नाही.

सोय झाली हे खरं. पण त्यामुळे अनेक गाड्यांची चाकं दोन-दोन, तीन-तीन वर्षं हबवरून हलतच नाहीत आणि गंजाला निवांत वेळ मिळतो.

उलट उदाहरण पाहायचं तर कॅनडाकडे बघा. बर्फ वितळावा म्हणून तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे गंजाला आमंत्रणच. पण क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. ज्यांच्याकडे टायरसह चाकांचा दुसरा संच असतो, त्यांची चाकं त्यानिमित्ताने वर्षातून दोनदा निघतात आणि हब साफ करण्याची संधी मिळते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हे काम चांगलंच परिचयाचं असेल.

आधी गाडी सुरक्षित करा

चाक अडकलं आहे हे कळल्यावर पहिला नियम: थांबा. जोर लावण्याआधी या गोष्टी तपासा.

• गाडी सपाट आणि टणक जमिनीवर आहे ना? उतारावर, चिखलात किंवा मऊ मातीत असेल तर जॅकवर प्रयोग करू नका. महामार्गावर वाहतुकीच्या बाजूचं चाक असेल तर स्वतः काढायच्या भानगडीत न पडता मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे आणि कुठल्याही आणीबाणीसाठी ११२.

• हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर), चारही इंडिकेटर चालू आणि लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवलेला असावा.

• जे चाक काढताय त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावा. पुढचं डावं काढत असाल तर मागच्या उजव्याला.

• गाडीत बसलेल्या सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा.

• स्टेपनी आडवी करून जॅकशेजारी, गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. जॅक घसरलाच, तर गाडी जमिनीवर न आदळता स्टेपनीवर टेकेल. या एका सवयीने हात-पाय वाचू शकतात.

गाडीसोबत मिळणारा जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, खाली शिरून काम करण्यासाठी नाही. शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. चाकाच्या आतल्या बाजूने घाव घालायचाच असेल तर तो गॅरेजमध्ये, गाडी भक्कम स्टँडवर किंवा लिफ्टवर असताना.

चाक सोडवायचं कसं?

आता मुख्य काम. सोप्या आणि कमी धोक्याच्या उपायापासून सुरुवात करून पुढे जायचं. पहिल्या उपायातच चाक सुटलं तर उत्तम.

१. नट परत लावा

हे विचित्र वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. काढलेले सगळे नट पुन्हा हाताने फिरवून बसवा आणि मग प्रत्येक नट एक ते दीड फेरा सैल करा. म्हणजे चाक सुटलं तर थोडं पुढे येईल, पण निखळून अंगावर पडणार नाही. नट न लावता हिसके दिले, तर चाक एकदम सुटतं आणि ओढणारा माणूस चाकासकट मागे पडतो. त्या धक्क्याने जॅकही हलू शकतो. स्कोडा, फोक्सवॅगन यांसारख्या काही गाड्यांना नटांऐवजी बोल्ट असतात. तिथेही हीच पद्धत, फक्त बोल्ट पुरेसे आत गेले आहेत याची खात्री करा.

२. गाडीचंच वजन कामाला लावा

नट असे सैल ठेवून जॅक खाली करा आणि गाडी पूर्ण जमिनीवर टेकवा. जॅक बाजूला काढा. आता गाडीच्या कडेला, त्या चाकाजवळ उभं राहून छपराची कड धरा आणि गाडी डावी-उजवीकडे झुलवा. एकट्याने होत नसेल तर दोघांनी. आपल्या हातांची ताकद ती किती? पण चाकावर गाडीचं काहीशे किलो वजन असतं. झुलवल्यावर ते वजन एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जातं आणि गंजाचा थर तडकतो. पुष्कळदा 'टक्' असा आवाज येतो. तो आला की समजायचं, काम झालं.

पुढचं चाक असेल तर इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन-तीन वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जमिनीवर टेकलेल्या चाकाला चांगला पीळ बसतो.

३. अगदी हळू पुढे-मागे

एवढ्यानेही सुटलं नाही तर मेकॅनिक एक युक्ती करतात. दगड काढून, रिकाम्या सपाट जागेत गाडी चालण्याच्या वेगापेक्षाही हळू फक्त एक-दोन मीटर पुढे घ्यायची, हलकेच ब्रेक मारायचा, मग तेवढीच मागे. दोन-तीनदा, बस. आवाज आला की लगेच थांबायचं.

ही युक्ती जपून वापरायची आहे. नट सैल असताना धक्क्याचा भार स्टडवर येतो आणि आटे खराब होऊ शकतात. त्यामुळे जोरात ब्रेक नाही, वळण नाही, आणि 'असंच गॅरेजपर्यंत नेऊ' हा विचार तर नाहीच नाही. रस्त्यावर वाहतूक असेल तर हा उपाय सोडून द्या.

४. टायरवर धक्का, रिमवर नाही

गाडी पुन्हा जॅकवर घ्या, स्टेपनी खाली सरकवा, नट सैलच असू द्या. टायरच्या बाजूच्या रबरावर तळहाताने किंवा रबरी हातोड्याने ठोका. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर एकदा तीनच्या जागी, एकदा नऊच्या जागी. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. पुढच्या चाकाचा हँडब्रेकशी सहसा संबंध नसतो, त्यामुळे गिअर न्यूट्रलला घेतला तर ते फिरतं. पण मागच्या चाकांना दगड लावल्याशिवाय गिअर काढू नका. मागचं चाक फिरवण्यासाठी हँडब्रेक मात्र सोडायचा नाही. ते न फिरवताच वेगवेगळ्या ठिकाणी ठोका.

एकाच ठिकाणी सगळा जोर लावण्यापेक्षा आळीपाळीने दोन बाजूंना ठोकणं जास्त उपयोगी. उंचवट्यावर बसलेलं चाक एका बाजूला तिरकं झालं की आणखी अडकतं. डोलवत डोलवत बाहेर काढावं लागतं. डब्याचं घट्ट बसलेलं झाकण आपण काढतो ना, अगदी तसंच.

५. तेल आणि थोडा धीर

घरी किंवा गॅरेजमध्ये असाल आणि घाई नसेल, तर गंज सोडवणारं तेल वापरा. मधली टोपी काढली की हबचा उंचवटा आणि चाक यांच्यातली गोल रेघ दिसते. तिथे आणि स्टडच्या भोकांत थोडं तेल मारा. तेल फटीत आपोआप ओढलं जातं, पण त्याला वेळ लागतो. किमान अर्धा तास, जमलं तर रात्रभर थांबा. अधूनमधून टायरवर हलके ठोके दिले तर तेल आणखी आत शिरतं.

आपल्याकडे घरोघरी दिसणारा डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा याच कामासाठी हाताशी येतो. मुळात हे मिश्रण १९५३ मध्ये अमेरिकेतल्या रॉकेट केमिकल कंपनीने क्षेपणास्त्र उद्योगात गंज रोखण्यासाठी तयार केलं होतं. नावातले 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं आणि '४०' म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. खास गंज सोडवण्यासाठी बनवलेली तेलं मिळाली तर ती जास्त प्रभावी ठरतात.

तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये. उडालंच तर ब्रेक क्लीनरने पूर्ण साफ केल्याशिवाय गाडी चालवू नका. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला.

६. अलॉय व्हील असेल तर गरम पाणी

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ६० मिलीमीटर व्यासाचं भोक ५० अंशांनी तापलं, तर ते मिलीमीटरच्या साधारण पंधराव्या भागाइतकं मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जिथे मुळात फटच इतकी बारीक आहे तिथे एवढ्यानेही गंजाची पकड ढिली होऊ शकते. म्हणून घरी काम करताना चाकाच्या मध्यभागी केटलीभर उकळतं पाणी हळूहळू ओतायचं आणि लगेच टायरवर ठोकायचं. पाय बाजूला ठेवून, हे सांगायला नको.

काय अजिबात करायचं नाही?

चाकाला गॅसची ज्योत लावायची नाही. काही ठिकाणी हा 'झटपट' उपाय केला जातो. बंदिस्त टायर बाहेरून तापला की आतला दाब वाढतो, आतलं रबर जळून ज्वलनशील वायू तयार होतात आणि टायर स्फोटासारखा फुटू शकतो. शिवाय अलॉयची ताकद कमी होते आणि हबच्या बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळतं, ते वेगळंच.

अलॉयवर लोखंडी हातोड्याने थेट घाव घालायचा नाही. पोलादी रिम फार तर पोचेल, अलॉय तडकेल. बारीक तडा तेव्हा दिसतही नाही, पुढे वेगात असताना त्रास देतो. हातोडा वापरायचाच असेल तर टायरच्या रबरावर, मध्ये लाकडाचं फळकूट धरून.

पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर चाक आणि डिस्कच्या मध्ये घालून उचकटायचं नाही. डिस्क वाकली की ब्रेक मारताना पायाखाली थरथर जाणवू लागते.

आणि पुन्हा एकदा: जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही.

एवढं करूनही चाक सुटलं नाही तर नट पुन्हा नीट आवळा आणि मेकॅनिकला बोलवा. टायर ट्यूबलेस असेल आणि छिद्र बारीक असेल, तर चाक न काढताच पंक्चर काढता येईल. किंवा नुसती हवा भरून जवळच्या दुकानापर्यंत पोहोचता येईल. अडकलेलं चाक काढणं हा दर वेळी एकमेव मार्ग नसतो.

चाक निघालं! पण काम संपलेलं नाही

बहुतेक जण इथे सुटकेचा श्वास सोडतात, स्टेपनी चढवतात आणि निघतात. रस्त्यावर ते ठीक आहे. पण घरी पोहोचल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पुढचं काम करून घ्यायलाच हवं.

हबचा उंचवटा आणि सपाट भाग तारेच्या ब्रशने घासून काढा. उरलेला गंज पॉलिश पेपरने उतरवा. चाकाचं मधलं भोक आणि मागची बाजूही साफ करा. अलॉय असेल तर तिथे जोरात न घासता फक्त पांढरी भुकटी निघेल इतकंच. मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या.

त्यानंतर हबच्या उंचवट्यावर गंजरोधक पेस्ट किंवा जास्त तापमान सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने लावा. अलॉय व्हीलसाठी तांब्याची भुकटी असलेल्या पेस्टऐवजी ॲल्युमिनियम किंवा सिरॅमिक प्रकारची बरी, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम ही पुन्हा दोन वेगळ्या धातूंची जोडी झाली.

ही पेस्ट स्टडच्या आट्यांवर, नट टेकतात त्या जागेवर आणि डिस्कवर मात्र लावायची नाही. आटे तेलकट असले की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो. चाक सोडवताना स्टडवर तेल मारलं असेल तर तेही पुसून काढा.

नट किती आवळायचे?

नट एका पाठोपाठ एक न आवळता तिरक्या क्रमाने आवळा. आधी जॅकवर हलके, मग चाक जमिनीवर टेकल्यावर पूर्ण.

छोट्या आणि मध्यम गाड्यांसाठी हा जोर साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटर असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हा आकडा डोळ्यासमोर आणायचा तर असं बघा: ३० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर ३४ किलो वजन टाकलं की जवळपास १०० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे ७० किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर दुप्पट. पान्यावर उड्या मारून नट आवळण्याची पद्धत म्हणूनच चुकीची. पुढच्या वेळी हेच नट निघणार नाहीत, किंवा स्टडच तुटेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा. चाक आणि हबच्या मध्ये गंजाचे कण राहिले असतील तर नट आवळताना ते घट्ट वाटतात, पण गाडी चालल्यावर ते कण चुरडतात, थर पातळ होतो आणि नटांची पकड सैल होते. चालत्या गाडीतून चाक निसटण्याचं हे एक कारण आहे. गाडीतून लयीत 'टकटक' आवाज किंवा नवी थरथर आली, तर ताबडतोब थांबून नट बघा.

ही वेळच येऊ नये म्हणून

• दर १०,००० किलोमीटरला टायरची अदलाबदल करून घ्या. टायर सारखे झिजतातच, शिवाय चाकं हबवरून निघतात. तेव्हाच 'हब साफ करून पेस्ट लावा' असं सांगा.

• किनारपट्टीवर राहत असाल किंवा गाडी कमी चालत असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा चारही चाकं काढून परत बसवून घ्या.

• गाडी समुद्रकिनाऱ्याजवळ राहिली असेल तर घरी आल्यावर चाकं आणि खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. नंतर थोडा फेरफटका मारा, म्हणजे ब्रेकच्या उष्णतेने ओल वाळते.

• डिकीत चार गोष्टी ठेवा: लांब दांड्याचा पाना, रबरी हातोडा, हातमोजे आणि जॅकखाली ठेवायला जाड प्लायचा तुकडा. अलॉयला चोरीपासून वाचवणारे खास नट असतील तर त्यांची चावी कुठे आहे हे आजच बघून ठेवा.

• वापरलेली गाडी घेताना चारही चाकं एकदा काढून बघायला सांगा. हबची अवस्था कळते आणि ब्रेकही दिसतात.

यातलं एकही काम अवघड किंवा फार खर्चाचं नाही. चाकं निघालेली असताना एका हबच्या सफाईला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा ऑइल, फिल्टर आणि एसीच्या यादीत एवढंच एक वाक्य वाढवा: 'चारही चाकं काढून हब साफ करा.'